पहिल्या हंगामाची जोखीम कुणाची?



आज १ जुलै, वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो कृषिदिन म्हणून पाळला जातो आणि तो येतो नेमका पेरणीच्या ऐन घाईत. ज्यांच्यासाठी हा दिवस, ते आज बहुधा शेतात आहेत आणि त्यांच्याविषयी बोलणारे आपण सभागृहात आहोत. याची जाणीव ठेवूनच मी बोलणार आहे.

स्मृतिव्याख्यानात दिवंगत व्यक्तीचे गुण गाण्याची रीत आहे. मी त्याऐवजी नाईकसाहेबांच्या कारकिर्दीतच उभा राहिलेला एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो, कारण तो अजून सुटलेला नाही.

नाईकसाहेब १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले. देशात धान्याची टंचाई होती, अमेरिकेहून पीएल-४८० या मदत कायद्याखाली गहू येत होता आणि रेशनच्या रांगा लागत होत्या. राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, अशा अर्थाची जाहीर प्रतिज्ञा त्यांनी १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यासमोर केली. त्यांच्या हातात एक नवं साधन आलं होतं. देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ साली प्रसारित झाली होती. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी काढली. पुढे नाईकसाहेबांच्याच कारकिर्दीत राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. वाण होतं, बियाणं होतं, संशोधक होते आणि मुख्यमंत्री स्वतः शेतीत रमणारे होते.

यातून जे घडलं ते चमत्कारिक आहे. खरिपात संकरित ज्वारी शेतकऱ्यानं उचलली. पुढच्या दोन दशकांत खरीप ज्वारीचं बहुतेक क्षेत्र तिच्याखाली आलं. रब्बीत मात्र त्याच शेतकऱ्यानं तिला बांधावरून परत पाठवलं. रब्बीसाठी वेगळी संकरित वाणं निघाली. सीएसएच-७आर आणि ८आर आली, मग १३आर आणि १५आर आली. सोलापूर, नगर, बीड, उस्मानाबाद या रब्बी पट्ट्यात शेतकरी मालदांडीच पेरत राहिला. मालदांडी ३५-१ ही १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक ज्वारीतून निवडलेली. आजही तिचं नाव घेतलं की व्यापारी भाव वाढवून बोलतो.

राज्य तेच होतं, पीक तेच होतं, प्रचार करणारं खातं तेच होतं. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत तर कर्ताही एकच होता. जून महिन्यात नवं बियाणं मागणारा हा माणूस सप्टेंबर-ऑक्टोबरात आजोबांचं वाण पेरत होता. मग तो पुरोगामी म्हणायचा की मागासलेला? छोटा शेतकरी नवं तंत्र का घेतो आणि का घेत नाही, या प्रश्नाचं उत्तर मला या एका उदाहरणात जवळजवळ पूर्ण सापडतं. म्हणून सुरुवात ज्वारीपासून.

खळं, चूल आणि गोठा

खरिपातली आपली जुनी ज्वारी उंच आणि उशिरा येणारी. दिवस लहान होऊ लागले की ती निसवायची, त्यामुळे दाणा पक्व होईपर्यंत पाऊस मागे सरलेला असायचा. पण हलक्या जमिनीत ओल आधीच संपायची आणि उतारा जेमतेम पडायचा. संकरित ज्वारी शंभर दिवसांच्या आसपास तयार व्हायची, बुटकी होती, खताला चांगली साथ द्यायची. उत्पादनातली वाढ इतकी ठसठशीत होती की शेजारच्याला ती बांधावरूनच दिसायची, मोजायला कुणी अधिकारी लागत नव्हता.

तक्रारीही होत्या आणि त्या पहिल्या वर्षापासून होत्या. लवकर पिकत असल्यानं दाणा भरताना पाऊस अंगावर यायचा, बुरशी लागून ज्वारी काळी पडायची आणि बाजारात तिला कमी भाव मिळायचा. भाकरीला देशी ज्वारीची चव नव्हती. ताट बुटकं, म्हणून कडबा कमी. खोडमाशी आणि मिजमाशी वाढली. बियाणं दर वर्षी विकत घ्यावं लागायचं. इतकं असूनही ती पसरली, कारण त्या काळात घरात दाणा असणं हीच पहिली गरज होती. चव, रंग आणि कडबा हे सगळं त्यानंतरचं.

रब्बीचं गणित उलटं आहे. रब्बी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. पेरल्यानंतर बहुतेक वेळा वरून काही मिळत नाही. ओल संपत आली की संकरित ताटाला खडखड्या रोग गाठतो, ताट आतून पोकळ होऊन आडवं पडतं. मालदांडी त्या ताणात टिकते. खोडमाशीही ती सोसते. दाणा टपोरा आणि मोत्यासारखा चमकदार, भाकरी मऊ आणि गोड. कडबा भरपूर आणि जनावरं तो आवडीनं खातात. दुष्काळी पट्ट्यात कडब्याची किंमत उन्हाळ्यात कळते. चाऱ्याची टंचाई असलेल्या वर्षी पेंढीचा पैसा धान्याच्या पैशाच्या बरोबरीला येऊन बसतो. प्रयोगशाळेतला हिशेब हेक्टरी किती क्विंटल दाणा एवढ्यावर थांबत होता. शेतकऱ्याच्या हिशेबात दाणा होता, कडबा होता, बैल होता, चूल होती आणि पाऊस न येण्याची शक्यताही होती. त्या पूर्ण हिशेबात मालदांडी जिंकली. पुढे २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालं.

याचा अर्थ रब्बीतला शेतकरी नव्याच्या विरोधात होता असा नाही. राहुरीच्या विद्यापीठानं पुढे जमिनीची खोली पाहून वाणं दिली. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा आणि भारी जमिनीला फुले वसुधा. परभणीनं परभणी मोती दिली. ही वाणं शेतकऱ्यांनी हळूहळू पेरायला घेतली, कारण त्यांत भाकरी आणि कडबा राखून उत्पादन वाढवण्याचा प्रयत्न होता. एका तालुक्यात तीन प्रकारची जमीन असते हे शेतकऱ्याला कायम माहीत होतं. शास्त्रानं ते मान्य केलं तेव्हा दोघांचं जमलं.

जुन्या मराठी वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानं जमीन विषारी होते या समजुतीपायी पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगितलं जातं. ही गोष्ट आपण शेतकऱ्याच्या अंधश्रद्धेचा नमुना म्हणून सांगतो. मला त्या शेतकऱ्याला आणखी काही प्रश्न विचारावेसे वाटतात. हा नांगर काळ्या जमिनीत ओढायला बैलांच्या किती जोड्या लागणार? तुझ्याकडे किती आहेत? फाळ मोडला तर गावचा लोहार तो दुरुस्त करील का? न घेण्याचं कारण विचारलं की माणूस अनेकदा लोकांना पटेल ते कारण सांगतो. खरं कारण त्याच्या दावणीला बांधलेलं असतं.

चार तासांची परीक्षा

आता जोखमीकडे येतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात शेतजमिनीची सरासरी धारणा १.३४ हेक्टर आहे, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. बहुतांश जमीन कोरडवाहू. या सव्वातीन एकरांत घरचं धान्य, पोरांची फी, सोसायटीचं कर्ज आणि एखाद्या लग्नाचा खर्च निघायचा असतो. पन्नास एकरवाल्याचा प्रयोग फसला तर त्याचा एक कोपरा जातो. सव्वातीन एकरवाल्याचा फसला तर वर्ष जातं, आणि सावकाराच्या वहीत ते वर्ष पुढची पाच वर्षं चालू राहतं.

म्हणून छोटा शेतकरी नवं बियाणं आधी चार तासं, म्हणजे चार ओळी, पेरून बघतो. हा शहाणपणा जगभर सारखाच आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी संकरित मका कसा पसरला याचा अभ्यास करून तो १९४३ साली प्रसिद्ध केला. दोन वस्त्यांतल्या २५९ शेतकऱ्यांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या. १९४१ पर्यंत त्यांतले दोघे सोडून सगळे संकरित मक्याकडे वळले होते. पण लगेच वळले नव्हते. सगळ्यांत आधी हात घालणाऱ्यांनीसुद्धा पहिल्या वर्षी संकरित बियाणं शेताच्या लहानशा भागातच लावलं. आपल्या तुलनेत प्रचंड जमीन असलेला, शिकलेला अमेरिकन शेतकरी जर आधी तुकड्यावर परीक्षा घेतो, तर सव्वातीन एकरवाल्यानं पहिल्याच वर्षी पूर्ण शेत नव्या तंत्राच्या हवाली करावं ही अपेक्षा कुठून आली?

यातून व्यवहाराचा एक नियम निघतो. जे तंत्र तुकड्यात करून पाहता येतं ते लवकर पसरतं. बियाणं मूठभर पेरता येतं. ठिबकचा संच मात्र मूठभर घेता येत नाही. ठिबकला अनुदान आहे, पण साधारणपणे शेतकऱ्यानं आधी पूर्वसंमती घ्यायची, स्वतःच्या पैशानं संच बसवायचा, तपासणी व्हायची आणि मग रक्कम खात्यावर यायची. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे आहेत, त्यालाच नंतर मिळणारं अनुदान उपयोगी पडतं. मग आकडेवारीत असं दिसतं की ठिबक मोठा बागायतदार घेतो आणि छोटा घेत नाही. आपण निष्कर्ष काढतो की छोट्याला जाणीव कमी आहे. त्याला कमी असतात ते आधी घालायचे पैसे.

रुंद सरी-वरंब्याचं, म्हणजे बीबीएफचं, तसंच. सोयाबीन बीबीएफ यंत्रानं पेरलं तर बियाणं कमी लागतं, पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं आणि उघडीप पडली तर ओल टिकते. विदर्भ-मराठवाड्याच्या लहरी पावसात याहून सोयीचं काय? पण पेरणीचे खरे दिवस मोजके असतात. वाफसा आला की गावातला ट्रॅक्टरवाला या बांधावरून त्या बांधावर पळत असतो. नेहमीचं पेरणीयंत्र झपाट्यानं एकरामागून एकर उरकतं. बीबीएफ जोडायचं, जुळवायचं आणि हळू चालवायचं, त्यात त्याचं भाडं बुडतं. ज्याच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर नाही, त्याची पेरणीची पद्धत ट्रॅक्टरवाला ठरवतो. प्रशिक्षण मात्र शेतकऱ्याला दिलं जातं.

धोका कमी झाला की माणूस काय करतो, याचा पुरावा ओडिशात मिळाला. तिथं पूर येतो आणि भात पाण्याखाली जातं. स्वर्णा हे लोकप्रिय वाण पाण्याखाली तग धरू शकेल असं सुधारून स्वर्णा-सब१ तयार झालं. भारतात ते २००९ साली प्रसारित झालं. एमरिक, द जांव्री, सादुले आणि दर या अभ्यासकांनी काही शेतकऱ्यांना हे बियाणं देऊन पाहिलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत मला महत्त्वाचं वाटतं ते हे: बियाणं मिळालेल्या शेतकऱ्यांनी आपणहून खत वाढवलं, भाताचं क्षेत्र वाढवलं आणि जास्त मेहनतीची लागवड पद्धत घेतली. पूर आला तरी सगळं जाणार नाही एवढा भरवसा मिळताच त्यांनी स्वतःचा पैसा आणि घाम शेतात ओतला. म्हणजे पैसा घालायची तयारी आधीपासून होती. पुराच्या भीतीनं ती अडवून धरली होती.

ऐकायचं कुणाचं?

आयोवाच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट. संकरित मक्याची खबर बहुतेकांना पहिल्यांदा बियाणं विकणाऱ्याकडून मिळाली. पण पेरायचं ठरलं ते शेजाऱ्याचं पाहून. घानामध्ये टिमोथी कॉनली आणि ख्रिस्तोफर उड्री यांनी निर्यातीसाठी अननस लावणाऱ्या शेतकऱ्यांचा अभ्यास केला. ज्या ओळखीच्या शेतकऱ्याला अनपेक्षित फायदा झाला, त्याच्या खताच्या प्रमाणाकडे इतरांनी आपलं प्रमाण सरकवलं, आणि हे नव्याने अननस लावणाऱ्यांत जास्त दिसलं. आपल्याकडे याला कुणी संशोधन म्हणत नाही. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून, तंबाखू मळत, इकडचं-तिकडचं बोलत पीक न्याहाळणं हा गावाचा रोजचा अभ्यास आहे.

त्या अभ्यासाची ताकद पाहायची असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड या गावी चला. दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या लावल्या, वाढवल्या. बारीक दाण्याचं, चवीला सरस असं वाण तयार झालं आणि त्या वेळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडलं. ना जाहिरात, ना अनुदान, ना प्रात्यक्षिक. हे धान पूर्व विदर्भात आणि शेजारच्या राज्यांतही गेलं, हातातून हातात, पायलीनं आणि पोत्यानं. बाजारात भाव मिळाला, ताटात भात आवडला आणि बियाणं घरचं ठेवता आलं. दादाजी २०१८ साली गेले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचा सन्मान झाला, पण त्यांच्या वाणावर इतरांनी मिळवलेल्या पैशाच्या मानानं त्यांच्या हाती फार थोडं लागलं, हे आपण विसरू नये.

दुसरं उदाहरण द्राक्षांचं. नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुण्याच्या बागायतदारांनी १९६० साली आपला संघ उभारला. तास-ए-गणेश आणि सोनाका ही नावाजलेली द्राक्षं बागायतदारांनीच आपापल्या बागांतून निवडली. छाटणीच्या तारखा, संजीवकांचं प्रमाण, ठिबक, खुंटरोप हे सगळं आधी कुणीतरी स्वतःच्या बागेत करून पाहिलं, मग चर्चासत्रात इतरांपुढे ठेवलं. एक-दोन एकरांचा बागायतदारही त्यात टिकला, कारण चूक झाली तर विचारायला माणूस होता आणि माल विकायला बाजार होता.

ज्याला असा संघ नाही, असा शेजारी नाही, तो कुणाला विचारतो? कृषी सेवा केंद्रवाल्याला. माझ्या मते आपल्या चर्चांमध्ये सगळ्यांत दुर्लक्षित माणूस हाच आहे. कृषी सहायकाकडे अनेक गावं आणि ढीगभर ऑनलाइन नोंदी असतात. दुकानदार मात्र रोज सकाळी दुकान उघडतो, नावानं हाक मारतो आणि उधार देतो. उधारीवर घेणारा माणूस कोणतं बियाणं, कोणतं औषध याची निवड फारशी करू शकत नाही. उधार देणाऱ्याला ज्या मालावर जास्त सुटतं तो माल त्याच्या पिशवीत पडतो. कित्येक शेतांत नवं तंत्र येतं ते सल्ल्यातून नव्हे, उधारीच्या खात्यातून.

जिथं शिकणंच तुटतं

बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस हे या सगळ्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात गुंतागुंतीचं उदाहरण. देशात त्याला २००२ च्या मार्चमध्ये मान्यता मिळाली. पण त्याआधी, २००१ मध्येच, गुजरातेत विनापरवाना बीटी कापूस शेतात उभा असल्याचं उघडकीला आलं. म्हणजे शेतकरी सरकारच्या पुढे गेला होता. हिरव्या बोंडअळीसाठी फवारण्या करून करून कंबर मोडली होती. फवारणी वाचते हे दिसलं आणि अधिकृत बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुरुवातीला दीड हजारांहून जास्त रुपये पडत असतानाही लोकांनी ते घेतलं. २००६ साली किंमत साडेसातशेवर आली. पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातला जवळपास सगळा कापूस बीटी झाला. इतक्या वेगानं पसरलेलं दुसरं तंत्र आपल्या शेतीत क्वचितच असेल.

त्याच पाकिटात आणखी एक छोटं पाकीट असायचं, १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचं. ते शेताच्या कडेनं लावायचं होतं, म्हणजे अळ्यांना आसरा मिळेल आणि त्यांच्यात प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही. बहुतेकांनी ते लावलं नाही. अशिक्षितपणामुळे? मोठ्या शिकलेल्या शेतकऱ्यांनीही लावलं नाही. कारण साधं होतं. माझ्या कडेच्या ओळी अळीनं खाल्ल्या तर नुकसान माझं आणि फायदा साऱ्या शिवाराचा. तो फायदा गावानं मिळून वाटून घ्यायची काही व्यवस्था कुणी केली नव्हती. शेंदरी बोंडअळी पुढे बीटीला दाद देईनाशी झाली आणि २०१७ साली विदर्भात तिनं कापूस पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी वाचवायला आणलेल्या बियाण्याच्या शेतात ही वेळ आली.

ग्लेन डेव्हिस स्टोन या मानववंशशास्त्रज्ञानं तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या वारंगळ जिल्ह्यात कापसाच्या बियाण्याची निवड कशी होते ते पाहिलं. २००७ साली त्यानं मांडलेलं निरीक्षण आपल्यालाही लागू पडतं. एखाद्या हंगामात गावच्या गाव एकाच कंपनीच्या वाणावर तुटून पडतं, पुढच्या हंगामात तेच गाव ते सोडून देतं. बाजारात इतकी नावं आणि ती इतक्या भरभर बदलतात की एखादं वाण दोन-तीन पावसाळे पाहून पारखायला वेळच उरत नाही. शेजाऱ्याकडे पाहायचं तर शेजारीही चाचपडतच असतो. मालदांडीला शेतकऱ्यानं अनेक दशकं पारखलं. कापसाच्या पाकिटाला तो एक हंगामही नीट पारखू शकत नाही. तंत्र वेगानं पसरलं की आपण त्याला यश म्हणतो. मला वाटतं, पारखण्याची संधी न देता पसरलेलं तंत्र हे शेतकऱ्यानं स्वीकारलेलं नसतं, ते त्याच्यावर येऊन आदळलेलं असतं.

राबतं कोण, ठरवतं कोण?

एक बाजू राहिली आणि ती नेहमीच राहते. शेतातलं निंदण, वेचणी, काढणी बाई करते. बियाणं निवडून राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात ठेवायची ती. ज्वारीची भाकरी थापून नव्या वाणावर पहिला निकाल देते तीही तीच. पण सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं म्हणून ती लाभार्थी नसते, आणि लाभार्थी नसते म्हणून प्रशिक्षणाला तिला बोलावणं नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेऊन बायकोच्या नावावर जमीन करण्याची हाक दिली होती. तिच्यात शेतीच्या तंत्राचाही प्रश्न दडलेला होता, हे आपल्या फार थोड्यांच्या लक्षात आलं.

मजुरीचं गणित तर आज सगळ्यात निर्णायक आहे. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला देशात परवानगी नाही. तरी जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकऱ्यांनी तो जाहीरपणे पेरला आणि कारवाईला आव्हान दिलं. त्या बियाण्याच्या सुरक्षिततेवर वाद व्हावा, कायद्याचं पालनही व्हावं. पण निंदणाला माणूस मिळत नाही ही त्यामागची ओढ समजून न घेता केलेली बंदी कागदावरच राहते. निंदणाची मजुरी हीच ज्या घराची वर्षाची कमाई आहे, त्या घराला या तंत्राबद्दल काय वाटतं हेही कुणीतरी विचारायला हवं.

आणि शेवटी बाजार. सोयाबीन महाराष्ट्रात आलं तेव्हा त्याची इथं कुठली परंपरा नव्हती, ते कुणी घरात शिजवत नव्हतं. जबलपूरच्या विद्यापीठाचं जेएस-३३५ हे वाण १९९४ साली प्रसारित झालं. शंभर दिवसांच्या आत पीक निघत होतं, मागून हरभरा घेता येत होता, पाखरं राखावी लागत नव्हती आणि पोतं मोंढ्यात नेलं की रोख पैसा मिळत होता. आज राज्यात सोयाबीन ४० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर आहे. त्यानं जागा घेतली बऱ्याच अंशी खरीप ज्वारीची, म्हणजे नाईकसाहेबांच्या त्याच संकरित ज्वारीची. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त मिळू लागले, काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव नव्हता, डुकरं आणि पाखरं राखायला माणूस नव्हतं. ज्या हिशेबानं शेतकऱ्यानं ती घेतली, त्याच हिशेबानं तिला सोडलं. कृषी खात्याच्या अहवालांत ‘अवलंब’ असा रकाना असतो. ‘सोडून दिलं, का?’ असा रकाना मला अजून कुठे दिसलेला नाही.

मला काय सुचवायचं आहे

वर सांगितलेल्या सगळ्यातून मी एकाच निष्कर्षावर येतो. नव्या तंत्राच्या प्रसारात अडतं ते बहुधा पहिल्या हंगामाच्या जोखमीपाशी. फायदा झाला तर कंपनीचा, विद्यापीठाचा, योजनेचा आणि शेतकऱ्याचाही. नुकसान झालं तर फक्त शेतकऱ्याचं. जोवर ही वाटणी अशी आहे, तोवर त्याचं सावध राहणं हेच योग्य आहे.

म्हणून चार गोष्टी व्हाव्यात. पहिली, सरकार किंवा कंपनी ज्या तंत्राची शिफारस करते, त्याच्या पहिल्या हंगामातल्या नुकसानीचा वाटा तिनं लेखी उचलावा. अनुदान द्यायचं तर ते काम झाल्यावर देण्याऐवजी आधी द्यावं. दुसरी, प्रात्यक्षिक गावातल्या सगळ्यात चांगल्या, विहीर असलेल्या, रस्त्याकडेच्या शेतात न घेता मध्यम जमिनीच्या कोरडवाहू छोट्या शेतकऱ्याकडे घ्यावं. बागायतदाराच्या शेतातलं यश पाहून कोरडवाहूवाला एवढंच म्हणतो की त्याला पाणी आहे, त्याला जमतं. तिसरी, शेतीशाळेत नवरा-बायको दोघांना बोलवावं, ट्रॅक्टरवाल्याला आणि दुकानदारालाही बोलवावं, कारण निर्णय या चौघांत मिळून होतो. चौथी, कोणत्याही तंत्राचं यश पहिल्या वर्षाच्या हेक्टरांवरून न मोजता, तिसऱ्या पावसाळ्यात किती जणांनी स्वतःच्या पैशानं ते पुन्हा केलं यावरून मोजावं. ज्यांनी सोडलं, त्यांची कारणं विद्यापीठांनी संशोधनाचा विषय म्हणून नोंदवावीत.

या सभागृहात कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थी मोठ्या संख्येनं बसले आहेत. उद्या तुम्ही अधिकारी व्हाल, कंपनीचे प्रतिनिधी व्हाल, काही जण शेतकरीच राहाल. एखादा शेतकरी तुमची शिफारस नाकारेल तेव्हा त्याला समजावण्याआधी त्याचा हिशेब मागून घ्या. त्यात दाणा, चारा, मजुरी, उधारी, पाणी आणि बाजार सगळं लिहा. तुमचं तंत्र त्या हिशेबात बसलं तर तो तुमच्या आधी बियाण्याच्या दुकानात उभा असेल. बसलं नाही, तर ते तंत्र परत प्रयोगशाळेत न्या. नाईकसाहेबांनी स्वतःच्या शब्दाची जोखीम स्वतःच्या मानेवर घेतली होती. आपण निदान आपल्या शिफारशीची घेऊ या.